तुम्ही विचारलंत म्हणून: ‘स्लाइड इट इन’ इंग्लंडचा ऐकायचा की अमेरिकेचा?

व्हाइटस्नेक या इंग्लिश रॉक बँडचा १९८४चा अल्बम ‘स्लाइड इट इन’ ज्याला आवडतो, तो कधी ना कधी विचारतोच: इंग्लंडचा मिक्स बरा की अमेरिकेचा? प्रश्न साधा आहे. उत्तर देताना अडचण येते ती ‘मिक्स’ या शब्दाची. मिक्स वेगळा म्हणजे वाजवलेलं तेच, फक्त कोणाला पुढे आणलं आणि कोणाला मागे ठेवलं एवढा फरक. गाण्याच्या बैठकीत साउंडवाल्याला ‘तंबोरा जरा वाढवा, पेटी कमी करा’ सांगतात, तसा. इथे मात्र पेटीवालाच बदललाय.

आधी काय घडलं ते थोडक्यात. रेकॉर्डिंग १९८३मध्ये म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत झालं. गायला डेव्हिड कव्हरडेल, मिकी मूडी आणि मेल गॅली गिटारवर, कॉलिन हॉजकिन्सन बासवर, जॉन लॉर्ड ऑर्गनवर, ड्रमवर कोझी पॉवेल. मिक्स मार्टिन बर्चचा, म्हणजे बँडच्या सुरुवातीपासूनच्या माणसाचा. जानेवारी १९८४च्या शेवटी हा अल्बम इंग्लंडात लिबर्टीच्या लेबलवर आला आणि तिथल्या विक्रीच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेला. तोवर मूडी आणि हॉजकिन्सन दोघंही बँडबाहेर होते. थिन लिझीतून जॉन सायक्स आला होता आणि जुना बासवाला नील मर्री परतला होता.

अमेरिकेत अल्बम काढणार होती गेफन कंपनी. तिकडचा हिशोब वेगळा होता. गाणं आधी एफएमवर आणि गाडीतल्या स्पीकरवर चाललं पाहिजे, तिथे बर्चचा कोरडा, खोलीतला आवाज मागे पडला असता. म्हणून गेफनच्या जॉन कॅलॉडनरच्या आग्रहावरून टेपा लॉस एंजेलिसच्या कीथ ओल्सनकडे गेल्या. फ्लीटवुड मॅक, फॉरिनर, पॅट बेनाटार यांचं काम केलेला हा माणूस. मर्रीने बास नव्याने वाजवला, सायक्सने गिटार घातली, बिल क्युओमोने कीबोर्डची भर घातली, गाण्यांचा क्रम फिरवला, आणि एप्रिलमध्ये अल्बम अमेरिकेत आला. कव्हर मात्र दोन्हींचं तेच, घोटाळ्याची सुरुवात तिथूनच.

तेव्हा तुलना करायची तर तीन थर वेगळे धरावे लागतात: वाजवणं, मिक्स आणि मास्टर (म्हणजे मिक्स झाल्यावर तबकडी-सीडीसाठी फिरवलेला शेवटचा हात). ‘अमेरिकन जास्त दमदार वाटतो’ म्हणणारे बरेचदा तिसऱ्या थराबद्दल बोलत असतात आणि श्रेय दुसऱ्याला देतात.

हातात काय आहे हे ओळखायला पहिलं गाणं पुरतं. ‘गॅम्बलर’ने सुरुवात झाली तर इंग्लंडचा, ‘स्लाइड इट इन’ने झाली तर अमेरिकेचा. जुन्या एलपीवर लिबर्टी की गेफन एवढं पाहिलं तरी चालतं. स्ट्रीमिंगवर जरा जपून. २०१९च्या पस्तिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत दोन्ही जुने मिक्स नव्याने मास्टर करून दिलेत आणि शिवाय एक संपूर्ण नवा रिमिक्सही आहे. तो नवा रिमिक्स ‘अमेरिकन’ समजून इंग्लंडच्या जुन्या सीडीशी ताडून पाहणं, ही नेहमीची चूक. ती दोन टोकं आहेत, मधलं सगळं वगळून केलेली तुलना.

आता मोठेपणाचं. दोन आवाजांपैकी जो थोडा मोठा, तो कानाला चांगला वाटतो. अर्धा-एक डीबीचा (डेसिबलचा) फरक ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘भरीव’ किंवा ‘स्पष्ट’ म्हणून कळतो, आणि इथेच भलेभले फसतात. ऑडॅसिटी या ऑडिओ-एडिटरमध्ये दोन्ही फायली घ्या, ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा इफेक्ट काढा आणि दोन्हींना उणे १८ एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं हे माप) आणा. नव्या रिमास्टरला सहा-आठ डीबी खाली ओढावं लागलं तरी चालेल. उलटं करू नका. हळू फाइल वर चढवून मोठीच्या बरोबरीला आणायला गेलात, तर स्नेअर ड्रमच्या ठोक्यांची टोकं कापली जातील आणि ‘या मिक्समध्ये ड्रम बोथट आहेत’ असा शोध लागेल.

एवढ्यावर थांबलात तर अर्धंच काम झालं. पूर्ण गाण्याचा मोठेपणा सारखा केला की कव्हरडेलचा आवाज एकात पुढे, दुसऱ्यात मागे वाटेल. मग दुसरी फेरी करा: या वेळी आवाज कानाने जुळवा, म्हणजे त्याच ओळीत कव्हरडेल दोन्हीकडे सारखाच जवळ वाटेपर्यंत एक फाइल पाव-पाव डीबीने हलवा. आता बँड किती मोठा-लहान होतो ते ऐका. पहिल्या फेरीत गायक सरकतो, दुसऱ्या फेरीत बँड. मिक्स करणाऱ्याने काय ठरवलं होतं ते या दोन फेऱ्यांच्या मधल्या फरकात सापडतं.

ऐकण्याचा तुकडा दहा-पंधरा सेकंदांचाच ठेवा. आवाजाच्या पोताची आठवण फार वेळ टिकत नाही, आख्खं गाणं ऐकून दुसरं लावेपर्यंत पहिल्याबद्दलचं आपलं मत तेवढं उरलेलं असतं. ड्रम दोन्हीकडे पॉवेलचेच आहेत, तेव्हा स्नेअरचा एक ठोका धरून दोन्ही फायली जुळवा आणि तिथून पुढे आलटून-पालटून ऐका. मिनिटाभरात ठोके सरकायला लागले तर ते वेगळं वाजवलंय असं नाही, मिक्स उतरवणाऱ्या टेप-मशीनचा किंवा तुमच्या टर्नटेबलचा वेग वेगळा आहे. अर्धा टक्का फरक म्हणजे २०० सेकंदांच्या गाण्यात एक सेकंद, आणि सुरात साधारण ९ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). सूर ९ सेंट चढला की गाणं ‘उजळ’ वाटतं. तीही मिक्सची कमाई नव्हे.

एलपीवरून तुलना करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण या अल्बमात ती फार गमतीशीर जुळून आली आहे. तबकडी एका वेगाने फिरते, पण सुईखालून खाच जाण्याचा वेग कडेला जास्त आणि आत जाताना कमी होत जातो: कडेला सेकंदाला ५० सेंटिमीटरच्या आसपास, बाजू संपताना त्याच्या निम्म्याच्याही खाली. तेवढ्याच जागेत तेवढेच तार स्वर दाटीने बसवायचे, त्यामुळे शेवटच्या गाण्यात झांजा मऊ होतात आणि ‘स’, ‘श’ फाटतात. दोन्ही आवृत्त्यांत प्रत्येक बाजूला पाच-पाच गाणी आहेत, पण क्रम निराळा. ‘गिल्टी ऑफ लव्ह’ इंग्लंडच्या एलपीवर दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आहे, अमेरिकेच्या एलपीवर त्याच बाजूचं पहिलं. म्हणजे एकीकडे ते सर्वांत आतल्या खाचेत, दुसरीकडे सर्वांत बाहेरच्या. आता या गाण्यावरून ‘ओल्सनचा मिक्स केवढा लखलखीत’ असं कोणी म्हटलं, तर त्यातलं ओल्सनचं किती आणि भूमितीचं किती? ‘लव्ह एन्ट नो स्ट्रेंजर’चंही काहीसं तेच: इंग्लंडमध्ये पहिल्या बाजूला शेवटचं, अमेरिकेत तिसरं. ‘स्टँडिंग इन द शॅडो’चं उलटं होतं, तिथे अमेरिकन आवृत्तीला आतली जागा आलीय.

एलपीवर तुलनेला सर्वांत न्याय्य गाणं ‘स्लो अ‍ॅन ईझी’. इंग्लंडमध्ये दुसऱ्या बाजूचं पहिलं, अमेरिकेत पहिल्या बाजूचं दुसरं, म्हणजे दोन्हीकडे बाहेरच्या अंगाला. लांबीला सहा मिनिटांवर, सुरुवात मोकळी, मग हळूहळू सगळे आत येतात. त्यामुळे एकेक वाद्य सुटं ऐकता येतं. एकच गाणं घेणार असाल तर हे घ्या.

त्यात काय शोधायचं? सुरुवातीला स्नेअर पडल्यानंतरचं शेपूट ऐका. बर्चकडे ठोका पडतो आणि संपतो. ओल्सनकडे ठोक्यामागून घुमारा येतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंतची जागा भरून काढतो. मग बास. हॉजकिन्सन ‘बॅक डोअर’ या त्रिकुटातला, बासवरच सूर आणि कॉर्ड वाजवणारा माणूस. त्याचं वाजवणं किक ड्रमला चिकटून बसत नाही, ते अंमळ सैल आणि बोलकं आहे. मर्रीचं किकबरोबर घट्ट बसतं. मग लॉर्डचा हॅमंड ऑर्गन. इंग्लंडच्या मिक्समध्ये तो गिटारांच्या बरोबरीने बसलाय, अमेरिकेच्या मिक्समध्ये सायक्सच्या गिटारच्या भिंतीमागे. ऐकू येत नाही असं नाही, पण शोधावा लागतो. डीप पर्पलचा जॉन लॉर्ड शोधावा लागावा, हे मला काही पटलेलं नाही.

ज्यांना कानांवर भरवसा नाही त्यांनी एक प्रयोग करावा. ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो करा, एकाला ‘इन्व्हर्ट’ लावा आणि दोन्ही एकत्र मिसळा. मध्यभागी जे जे असतं, म्हणजे साधारणपणे गायक, किक, स्नेअर, बास, ते एकमेकांना छेद देऊन नाहीसं होतं. उरतात कडेच्या गिटारी, कीबोर्ड आणि घुमारा. दोन्ही मिक्सचे असे उरलेले गाळ शेजारी ठेवून ऐकले की ओल्सनने किती रुंदी आणि किती घुमारा घातला ते उघडं पडतं. गायक पुरता जात नाही, त्याच्या मागचा घुमारा भुतासारखा शिल्लक राहतो. तो घुमारा किती लांब आहे तेच तर ऐकायचंय.

यात दोन गोष्टी बिघडतात. एमपीथ्री फाइल घेतलीत तर उरलेल्या आवाजात पाण्यात बुडबुडल्यासारखं काहीतरी ऐकू येईल. ते रेकॉर्डिंगमधलं नव्हे, फाइल लहान करताना कडेच्या माहितीवर मारलेली काटकसर आहे. त्यासाठी सीडीवरून काढलेली फ्लॅक किंवा वेव्ह, म्हणजे आवाजात काटछाट न करणारी फाइलच हवी. आणि एलपीवरून उतरवलेल्या फायलीत मधला आवाज पुरता जाणारच नाही, कारण सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजच्या डाव्या-उजव्या बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसतात आणि एकीकडचं थोडं दुसरीकडे गळतंच. आधी दोन्ही बाजू डीबीच्या दहाव्या भागापर्यंत जुळवून घेतल्या तर बरंच सुधारतं.

स्ट्रीमिंगवरच ऐकणार असाल तर अ‍ॅपमधलं क्रॉसफेड, इक्वलायझर आणि ‘स्पेशियल’ नावाचं जे काही असेल ते बंद करा. स्पॉटिफाय मुळात सगळं उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतं. तुम्हाला स्वतः पातळी जुळवायची नसेल तर ते चालू राहू द्या, तुमचं काम फुकटात होतं. फक्त आख्खा अल्बम लावून ऐकताना तो हिशोब गाण्यागणिक न होता अल्बमचा होतो, म्हणून गाणी एखाद्या प्लेलिस्टमध्ये एकाआड एक टाकून ऐका.

दोन वेगळ्या मिक्समध्ये फरक आहे का हे तपासायला आंधळी चाचणी लागत नाही, तो पहिल्या ठोक्याला कळतो. तीच जुनी सीडी आणि तिचाच रिमास्टर यांच्यात खरंच फरक कळतो की मनाचे खेळ आहेत, यासाठी मात्र फूबार या प्लेअरमधली एबीएक्स चाचणी करा. दोन फायली ऐकवून, आता वाजतेय ती कुठली हे न सांगता सोळा वेळा ओळखायला सांगते. बारा बरोबर आले तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते. नऊ-दहा आले तर तुम्ही नाणं उडवत होतात.

बरं, मग कुठला? गाण्यांचा क्रम मला अमेरिकेचाच पटतो. ‘गॅम्बलर’ चांगलं गाणं आहे, पण दार उघडणारं नाही. ‘लव्ह एन्ट नो स्ट्रेंजर’ तिकडचंच, त्या गाण्याला घुमारा आणि रुंदी हवीच होती, शांत सुरुवातीनंतर गिटार कोसळते तेव्हा भिंत मोठी असावी लागते. ‘स्लो अ‍ॅन ईझी’ निःसंशय इंग्लंडचं. ते मूडी आणि कव्हरडेल यांनी मिळून लिहिलेलं ब्लूज आहे. ब्लूजला चकाकी लावली की ते जाहिरातीसारखं वाटायला लागतं. ‘गॅम्बलर’ही इंग्लंडचंच, ऑर्गनसाठी. उरलेल्या सातांबद्दल माझं मत महिन्यामहिन्याला बदलतं.

विकत घ्यायचं असेल आणि दोन्ही हवे असतील तर २०१९चा संच पुरतो, फक्त त्यातला नवा रिमिक्स तिसरा प्रकार म्हणून बाजूला ठेवा. आणि कोणी १९८७च्या अल्बमचेही असेच दोन मिक्स आहेत का असं विचारलं, तर तो घोटाळा वेगळा आहे: तिथे नाव आणि गाण्यांची संख्या देशागणिक बदलली, युरोपात ‘१९८७’ म्हणून आला, जपानात ‘सर्पेन्स अल्बस’ म्हणून. त्याच्यावर फायली जुळवत बसू नका, मागचं कव्हर वाचलं की भागतं.