तुम्ही विचारलंत म्हणून: सेट झालेली असताना बी.एड. कशाला?

लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, परवा तर न्हाव्याच्या खुर्चीत गालाला साबण लावलेला असताना एकच प्रश्न: "सर, तुमची सेट झालीय ना? मग आता बी.एड. कशाला?" सेट म्हणजे सीनियर कॉलेजात प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा; ती झालीय, खरंय. आजवर माणूस पाहून उत्तर दिलं. आता एकदाच सगळ्यांना.

ज्युनिअर कॉलेजवर लागायचं तर नुसती एम.एस्सी. पुरत नाही, बी.एड. लागतं. सेटने तिथलं काम भागत नाही. बारावीच्या पोराला शिकवायला प्रशिक्षण हवं. तोच पोरगा पास होऊन एफ.वाय.ला आला की बिनप्रशिक्षणाचा मी त्याला चालतो. चालतो, पण तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतले तेवढ्याच तासांचे पैसे. बिल निघेल तेव्हा निघेल, आणि मे महिन्यात घरी.

"पण बी.एड. करून तरी काय? आधी शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, नशिबाने लागलाच नंबर तर तीन वर्षं मानधनावर शिक्षणसेवक, महिना वीस हजारांवर!" माहीत आहे हो. २०२३ च्या आधी ते नऊ हजार होते, हेही माहीत आहे. हिशेब करूनच बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा, फॉर्म भरला.

प्रवेश पक्का करायला गेलो तो दिवस मात्र हिशेबात नव्हता. ऑफिसबाहेर रांग. पुढच्या बाकावरून एक मुलगी झटकन उठली. माझीच विद्यार्थिनी, बी.एस्सी.ची. "सर, बसा ना. कुणाच्या अ‍ॅडमिशनला आलात?" मी काही बोलायच्या आत क्लार्कने आडनावासकट माझं नाव पुकारलं. फाईल चाळत तो म्हणाला, "एम.एस्सी.नंतर एवढा गॅप? मधे काय करत होता?"

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मागून तीच बोलली, "सर शिकवतात. आम्हाला होते ना."

"असू द्या. गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट लागेल."

रांगेत कुणीतरी हसलं. त्याचं एवढं काही वाटलं नाही. पण नंतर झेरॉक्सच्या दुकानात ती हळूच म्हणाली, "सर, तुम्हीच इथे. मग आमचं काय?" मी सुट्टे पैसे मोजत राहिलो. येत्या दोन वर्षांत आम्ही एकाच वर्गात बसणार, एकमेकांचे सराव पाठ बघणार, आणि तिला द्यायला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

एम.एस्सी.ला असताना बी.एड.वाल्या मित्रांना मी फार हसायचो. थर्माकोलची मॉडेलं, कार्डशीटचे तक्ते, पाठ टाचणावर (तासाच्या लेखी आराखड्यावर) सही घ्यायला सरांच्या मागे धावणं. त्या वेळच्या मला आजही पूर्ण चूक म्हणवत नाही. सहीसाठीची धावाधाव अजून तशीच आहे, असं सगळेच सांगतात. पण तयारी म्हणून परवा बालभारतीचं नववीचं विज्ञान उघडलं. 'द्रव्याचे मोजमाप' हा धडा, त्यात मोल, म्हणजे अणू-रेणू मोजायचं एकक: डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एक ठरलेला प्रचंड आकडा. एफ.वाय.च्या वर्गात मी दरवर्षी म्हणत आलोय, "हे तुमचं नववीत झालंय." आता नववीतच उभं राहायचं तर काय म्हणू? तो आकडा फळ्यावर लिहिणं सोपं आहे. तो कशासाठी लागतो, हे चौदा वर्षांच्या पोराला पटवायला संध्याकाळभर आरशासमोर बोलून पाहिलं, मलाच पटलं नाही. सेटच्या पेपरात हे कुणी विचारलं नव्हतं. (बी.एड. हे शिकवेलच, असंही मी म्हणत नाही.)

तेव्हा नोकरीसाठी चाललोय की शिकवायला शिकण्यासाठी? दिवस पाहून उत्तर बदलतं. आज म्हणाल तर नोकरीसाठी.

अडचण हजेरीची आहे. वर्गाला ८० टक्के, शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या सरावाला, ९० टक्के. म्हणजे तासिका सोडाव्या लागणार. विभागप्रमुखांनी यंदाचंही वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय, त्यात माझं नाव आहे. शनिवारपर्यंत कळवा म्हणालेत. अजून कळवलेलं नाही.