हँडल मारलेल्या हाताने ऑग्सबर्ग

म्युनिकहून ऑग्सबर्गला साध्या गाडीने पाऊण तास लागतो. भाचा नोकरीनिमित्त म्युनिकला असतो, त्याच्याकडे उतरलो होतो. "मामा, पाहुणे आले की किल्ले बघायला जातात. तुम्ही तिथं काय बघणार?"

"इंजिन. पहिलं डिझेल इंजिन तिथंच चाललं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला स्वतःचीच थोडी शंका आली. पण त्याचं बालपण पुण्यात गेलेलं. आमच्या विहिरीवर त्याने हँडल कधी मारलेलं नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. विजेची मोटर येण्याआधी विहिरीवर डिझेल इंजिन होतं. गावात कुणाकडे किर्लोस्कर, कुणाकडे कूपर, पण नाव काही असो, सगळे त्याला नुसतं 'इंजिन' म्हणत. ते सुरू करायला दोन माणसं लागायची. हेडवरची कळ वर करून ठेवायची, म्हणजे आतली हवा दबत नाही. मग आजोबा हँडल घालून जड चाक फिरवायला लागायचे. वेग आला की ओरडायचे, "सोड!" मी कळ पाडायचो. त्या क्षणी चाक अडल्यासारखं व्हायचं, आजोबांच्या दंडाच्या शिरा फुगायच्या, एक ठोका पडायचा, आणि काळा धूर सोडून इंजिन धरायचं. थोडा मोठा झाल्यावर हँडल माझ्या हातात आलं. तेव्हा कळलं, आत कुणीतरी बसून उलटा जोर लावतंय असं वाटतं. ती नुसती हवा असते, दबलेली.

एक प्रश्न तेव्हापासून होता. मोटरसायकलला प्लग असतो, ठिणगी पडते. या इंजिनाला प्लग नाही. मग पेटवतं कोण? आजोबांचं उत्तर ठरलेलं होतं, "गरम होतंय अन् पेटतंय." ते चूक नव्हतं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

ऑग्सबर्ग दोन हजार वर्षं जुनं गाव. लेख नदीचं पाणी कालव्यांनी गावभर फिरवलेलं आहे आणि त्या पाण्यावर गिरण्या आणि कारखाने उभे राहिले. त्यातलाच एक यंत्रांचा कारखाना पुढे 'मान' (MAN) या नावाने जगभर गेला. त्याचं संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव हाइनरिश फॉन बुत्स. हा माणूस कोण, ते पुढे येतंच.

रुडॉल्फ डिझेल जन्मला पॅरिसमध्ये, 1858 साली. आईवडील जर्मन, वडिलांचं चामड्याच्या वस्तूंचं काम. 1870 ला फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल मंडळी लंडनला गेली आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला काका-काकूंकडे धाडलं. इथल्या शाळेत एक काचेची नळी होती असं सांगतात. तिच्यात दट्ट्या झटक्यात दाबला की हवा तापून खालचा कापूस पेटायचा. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, त्याचाच मोठा भाऊ. पुढे म्युनिकला शिकताना कार्ल फॉन लिंडे यांच्या वर्गात त्याने ऐकलं की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्क्यांचं काम करतं, बाकी सगळी वाया. हे त्याच्या डोक्यात अडकून बसलं. लिंडे म्हणजे बर्फाची यंत्रं बनवणारे. शिक्षण संपल्यावर डिझेल त्यांच्याच बर्फाच्या धंद्यात लागला. आगीच्या इंजिनाचा बाप पोटासाठी बर्फ बनवत होता.

फेब्रुवारी 1892 मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. त्याची कल्पना थोडक्यात अशी: सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की तापून लाल व्हावी, आणि मग इंधन थोडं थोडं आत सोडायचं. ते आपोआप पेटणार. इथवर ठीक. पण कागदावर दाब होता हवेच्या नेहमीच्या दाबाच्या अडीचशे पट, आणि इंधन जळत असताना तापमान वाढूच द्यायचं नाही असा हट्ट. हिशेबाने सत्तर टक्क्यांवर उष्णता कामी येणार होती! असं इंजिन बांधलं असतं तर ते हवा दाबण्यातच दमलं असतं, बाहेर द्यायला त्याच्याजवळ काही उरलं नसतं. पुढे त्याने दाब उतरवला, तापमानाचा हट्टही सोडला. त्यावरून त्याचे विरोधक बोलले, तुझं पेटंट एका यंत्राचं आणि चाललं दुसरंच. मला विचाराल तर बोलण्यात तथ्य होतं.

या कागदावर पैसे लावले ते बुत्स यांनी. ते इथल्या कारखान्याचे संचालक. 1893 च्या सुरुवातीला करार झाला, मागोमाग एसेनचे पोलादवाले क्रुप आले.

संग्रहालयात त्या वर्षाचं पहिलं प्रायोगिक इंजिन उभं आहे. माणसापेक्षा उंच, लोखंडाच्या तिवईसारख्या पायांवर, बाजूला मोठं चाक. दट्ट्याचा व्यास 150 मिलिमीटर आणि धाव, म्हणजे तो वरखाली जातो ते अंतर, 400; म्हणजे अंगाने बारीक आणि उंचीला लांबलचक. मी आधी हँडल शोधलं. नव्हतं. ते फिरवायला कारखान्याच्या फिरत्या दांड्यावरून पट्टा घेतला होता.

10 ऑगस्ट 1893. पट्ट्याने इंजिन फिरवलं, आत पेट्रोल सोडलं. पहिलाच ठोका एवढा जबर की दाब मोजायचं यंत्र फुटून तुकडे उडाले. माणसं थोडक्यात वाचली. आपण असतो तर हात जोडून घरी गेलो असतो. डिझेलला मात्र हवं ते मिळालं होतं: ठिणगीवाचून इंधन पेटतं.

पेटतं ठीक, पण चालायला आणखी सहा महिने गेले. 17 फेब्रुवारी 1894 ला लिंडर नावाचा कारागीर इंजिनाजवळ उभा होता. एका क्षणी त्याला दिसलं की पट्ट्याची ताणलेली बाजू सैल पडली आणि सैल बाजू ताणली गेली. म्हणजे आता कारखाना इंजिनाला ओढत नव्हता, इंजिन कारखान्याला ओढत होतं. तो काही बोलला नाही, डोक्यावरची टोपी काढली. मिनिटभर, 88 फेऱ्यांच्या वेगाने इंजिन स्वतःच्या बळावर चाललं. इतक्या टिपणांमध्ये आणि तक्त्यांमध्ये मला हा टोपी काढणारा माणूस सगळ्यात जवळचा वाटला. पट्ट्याकडे बघून इंजिनाची तब्येत ओळखणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

मग पुन्हा तीन वर्षं. अडचण इंधन आत ढकलण्याची होती. सिलिंडरमध्ये आधीच जबर दाब, त्याच्यावर मात करून तेल बारीक फवाऱ्यात आत घालायचं कसं? त्यांनी त्याहून जास्त दाबाच्या हवेने ते फुंकलं. त्यासाठी इंजिनाला आणखी एक हवेचा पंप जोडावा लागला. लाउस्टर या तरुण अभियंत्याने आराखडा काढलेलं इंजिन 1896 मध्ये तयार झालं आणि 17 फेब्रुवारी 1897 ला प्राध्यापक श्र्योटर यांनी त्याची रीतसर चाचणी घेतली. पुन्हा तीच तारीख. साधारण 18 अश्वशक्ती आणि 26.2 टक्के उष्णता कामाला. कागदावरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी, वाफेच्या इंजिनाच्या अडीचपट. हे 1897 चं इंजिन म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमच्या मालकीचं आहे.

पहिलं गिऱ्हाईक कोण असेल? केम्प्टन गावचा काड्यापेट्यांचा कारखाना. काडी न ओढता पेटणारं इंजिन काड्या बनवायला! मी एकटाच हसलो, तिथल्या बाईंनी वर बघितलं.

त्या फुंकणाऱ्या पंपामुळे इंजिन जडच राहिलं. म्हणून ते आधी कारखान्यांत आणि जहाजांवर गेलं. 1912 ला कोपनहेगनचं 'सेलांडिया' हे डिझेलवरचं जहाज समुद्र ओलांडून थेट बँकॉकच्या वाटेला लागलं. रस्त्यावरच्या ट्रकसाठी 1920 नंतरचं दशक उजाडावं लागलं. बॉश कंपनीने 1927 ला कारखान्यातून काढायला घेतलेल्या पंपाने हवेशिवाय तेल फवारणं सोपं झालं. आमच्या इंजिनाच्या कडेला चिकटलेला तेलकट ठोकळा, ज्याला 'हात लावू नको' अशी आजोबांची ताकीद असायची, तो याच घराण्यातला.

डिझेलला हे बघायला मिळालं नाही. पेटंटचे वाद, डोकेदुखी, बुडालेला पैसा. 29 सप्टेंबर 1913 ला अँटवर्पहून तो 'ड्रेस्डेन' बोटीने इंग्लंडला निघाला, रात्री जेवून खोलीत गेला आणि सकाळी नव्हता. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत दिसलं. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या, त्या त्याच्या मुलाने ओळखल्या. त्या रात्रीबद्दल पुष्कळ कथा आहेत. मी त्यात पडत नाही.

संध्याकाळी विटल्सबाखर पार्कमध्ये गेलो. तिथं डिझेलच्या स्मरणार्थ मोठमोठे दगड मांडलेत, जपानहून आणलेले. यानमार कंपनीचे संस्थापक यामाओका यांनी ते 1957 मध्ये दिले. शेतकऱ्याला परवडेल असं छोटं डिझेल इंजिन त्यांनी 1933 ला काढलं होतं. डिझेललाही सुरुवातीला हेच हवं होतं, छोट्या कारागिराच्या हाती स्वतःची ताकद. एक पोरगं दगडावर चढलं होतं, त्याची आई खालून हाका मारत होती.

तिथूनच गावी चुलतभावाला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, पण तेव्हा शेतीची लाईट रात्रीची होती, त्यामुळे तो विहिरीवरच होता.

"आपलं इंजिन आहे का रे अजून?"

"आहे की शेडात. जाम झालंय, हँडल हालत न्हाई."

"रिंगा धरल्या असतील. हेडातनं डिझेल ओतून ठेव चार दिवस, मग बघ हालवून."

"डिझेल?" तो म्हणाला. "भाव म्हाईत हाय का, दादा?"