क्वीन ऐकायला घेतलं आणि दुसऱ्याच अल्बमवर अडकले

गाणी उलटसुलट क्रमाने लावणाऱ्या त्या शफलच्या बटणाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माझे चार महिने त्याने खाल्ले. कुणी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे अल्बम ऐकायला घेणार असेल, तर त्याचे तरी वाचावेत म्हणून हे लिहितेय.

मी वाईची. पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणी, आणि तिथं सेंट पीटर्स शाळा. झांझिबारला जन्मलेला फारोख बल्सारा या शाळेत वसतिगृहात राहून शिकला. 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवायचा, पुढे कुटुंबासोबत इंग्लंडला गेला आणि क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण त्याच्या बँडचं मी स्वतः काय ऐकलं होतं? क्रिकेटच्या मैदानावर वाजतात ती दोन गाणी आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. एवढंच. गेल्या पावसाळ्यात मी ठरवलं की आता सगळं ऐकायचं. १९७३ ते १९९५ पर्यंतचे पंधरा स्टुडिओ अल्बम.

पुण्यात ऑफिसातल्या दोघांना विचारलं. एक म्हणाला, 'ग्रेटेस्ट हिट्स' ऐक, बाकी सोड. दुसरा म्हणाला, पहिल्यापासून क्रमाने जा. मला दुसऱ्याचं पटलं. पहिल्याचा सल्ला मला आजही पटत नाही. १९८१ चा तो संग्रह ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेला अल्बम आहे हे खरं, पण त्याच्या ब्रिटिश आवृत्तीत पहिल्या अल्बममधलं एकही गाणं नाही आणि दुसऱ्यातलं फक्त एक आहे. हा बँड घडला कसा, हे त्यातून कळणारच नाही.

पहिला अल्बम दोन दिवसांत झाला. फक्त एक घोळ लक्षात ठेवा. ॲपवर तो दोनदा दिसतो, कारण २०२४ मध्ये त्याचं नव्याने मिक्सिंग करून 'क्वीन १' नावाने तो पुन्हा काढला आणि त्यात गाण्यांची यादीही थोडी बदलली. मी जुना ऐकला. त्याच्या शेवटी 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' या गाण्याचा शब्दांशिवायचा छोटा तुकडा आहे आणि तो मध्येच विरतो. हे असं अर्धवट का सोडलंय, असं तेव्हा वाटलं होतं.

मग 'क्वीन २'. मार्च १९७४. इथं मी अडकले.

मी ऐकायची ते हिंजवडीच्या बसमध्ये, फोनवर, फुकटच्या ॲपवर. अल्बमवर बोट ठेवलं की गाणी उलटसुलट लागायची. क्रम आपल्या हातात नाहीच. त्यात दर दोन-तीन गाण्यांनंतर गृहकर्जाची जाहिरात, आणि मध्येच भलत्याच बँडचं एखादं गाणं, का तर म्हणे 'तुम्हाला आवडेल'. पहिल्या दिवशी मला सर्वांत आधी लागलं ते या अल्बममधलं शेवटचं गाणं. 'प्रोसेशन' हा जेमतेम मिनिटभराचा तुकडा आहे, गिटारींच्या थरांवर थर चढवून केलेला. एखादी मिरवणूक लांबून येताना ऐकू यावी तसा तो येतो आणि थेट 'फादर टू सन' मध्ये शिरतो. मला तो सातव्या नंबरावर लागला आणि त्याच्यामागून जाहिरात आली. 'ओगर बॅटल' चं वादळ संपतं न संपतं तोच पुढचं गाणं सुरू होतं, आणि ते तिसऱ्याच्या पियानोत उतरतं. हे सगळं मला आज कळतंय. तेव्हा मला फक्त तुटलेले तुकडे ऐकू येत होते. गाणं अचानक कापल्यासारखं थांबायचं, दुसरं मधूनच सुरू व्हायचं.

मला वाटलं, अल्बमच असा आहे. १९७४ ची पोरं, हौसेने जे सुचलं ते भरलंय. मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा निम्म्यावर सोडला. क्रमाने जायचं असं ठरवलेलं, त्यामुळे हा संपल्याशिवाय तिसरा लावायचा नाही हा माझा हट्ट. ऑगस्ट गेला, गणपती गेले, दिवाळी झाली. बसमध्ये मी पुन्हा जुनी हिंदी गाणी ऐकायला लागले. ॲपच्या मदत केंद्राला लिहिलं, तर आठ दिवसांनी उत्तर आलं की आपल्या योजनेत शफल बंद करण्याची सोय नाही. एका ओळीचं उत्तर! ज्यांचा धंदाच गाणी ऐकवायचा, त्यांना गाण्यांच्या क्रमाची इतकी कमी किंमत असावी, याचं मला फार वाईट वाटलं. ख्यालगायनात कुणी आधी द्रुत लावलं, मग मधले आलाप आणि शेवटी विलंबित, तर आपण उठून जाऊ. इथं तेच चाललं होतं, आणि दोष मी गाणाऱ्यांना देत होते.

डिसेंबरात त्याच दुसऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "काळी बाजू ऐकलीस का?" मला कळेचना. फोनवर अकरा गाणी एकाखाली एक दिसतात, त्यात बाजू कुठली? मग त्याने सांगितलं. मूळ तबकडीला अ आणि ब बाजू नव्हत्या, पांढरी आणि काळी होत्या. पांढऱ्या बाजूवर पाच गाणी, चार गिटारवादक ब्रायन मेची आणि एक ड्रमर रॉजर टेलरचं. काळ्या बाजूवर सहा, सहाही मर्क्युरीची. म्हणजे एका अल्बममध्ये दोन वेगळ्या मनांच्या दोन सलग बैठका आहेत, आणि मी त्या पत्त्यांसारख्या पिसून ऐकत होते.

त्या संध्याकाळी मी एका महिन्याचे पैसे भरले. सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळण्याची सोय, शून्यावर आणलं. हे विसरू नका. माझ्या ॲपमध्ये ते पाच सेकंदांवर होतं, त्यामुळे क्रम बरोबर लावूनही गाण्यांचे सांधे पुसले जात होते. शनिवारी वाईला घरी गेले, जेवणं झाल्यावर गच्चीवर बसले आणि काळी बाजू सहाव्या गाण्यापासून लावली. समोर घाटातून गाड्यांचे दिवे वर चढत होते. वीस मिनिटं मी हलले नाही. 'द फेअरी फेलर्स मास्टर स्ट्रोक' हे रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या चित्रावरून लिहिलेलं गाणं आहे, त्या चित्रासारखंच बारीक कलाकुसरीने गच्च भरलेलं. त्यातून 'नेव्हरमोर' इतकं अलगद उघडतं की गाणं बदलल्याचं कळतही नाही. आणि 'मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन'! साडेसहा मिनिटांत चाल कितीदा बदलते हे मी मोजायचं सोडून दिलं. पुढच्या वर्षी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आली ती कुठून आली, हे तिथं स्पष्ट ऐकू येतं. डोळ्यात पाणी आलं माझ्या. चार महिने हे माझ्या खिशातच होतं.

शेवटचं गाणं 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय', या वेळी पूर्ण, शब्दांसकट. पहिल्या अल्बमच्या शेवटी विरलेला तुकडा तो हाच. हेच गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेलं, त्यांचं पहिलं यश.

त्यानंतरचे अल्बम भराभर झाले, त्यावर फार लिहीत नाही. पण कुठून सुरू करायचं ते सांगते, कारण क्रमाने जायचा सल्ला मी आता कुणाला देणार नाही. आधी 'शीअर हार्ट अटॅक' घ्या, नोव्हेंबर १९७४ चा. त्यात 'किलर क्वीन' आहे, गाणी आटोपशीर आहेत आणि चौघांचेही हात त्यात दिसतात. या नावाचं गाणंही आहे, पण ते या अल्बमवर नाही, तीन वर्षांनंतरच्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' वर आहे. नुसतं नाव शोधलंत तर चुकीच्या ठिकाणी पोचाल. मग 'अ नाइट ॲट द ऑपेरा', १९७५ चा. त्यातलं 'द प्रॉफेट्स साँग' हेडफोन लावूनच ऐका. मर्क्युरीचा एकच आवाज टेपने उशिरा परत सोडून स्वतःशीच गायला लावलाय, डावीकडून उजवीकडे. बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनचं 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' ही यातच. हे दोन झाले की मागे या, 'क्वीन २' कडे, शांत रात्री, एका बैठकीत.

'हॉट स्पेस' (१९८२) आवडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही फारसा नाही आवडला. सत्तरच्या दशकातल्या वेष्टनांवर ही मंडळी 'सिंथेसायझर वापरलेला नाही' असं अभिमानाने छापत. १९८० च्या 'द गेम' मध्ये तो आला आणि 'हॉट स्पेस' मध्ये त्याने घर बळकावलं. 'इन्युएन्डो' मात्र सगळं संपल्यावर ऐका. तो फेब्रुवारी १९९१ चा, आणि त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला मर्क्युरी गेला.

आणि एक सांगायचं राहिलं. 'सेव्हन सीज' संपतं तेव्हा ते थांबत नाही. मागून माणसांचा घोळका समुद्रकिनाऱ्याचं एक जुनं इंग्रजी गाणं म्हणत असतो आणि ते हळूहळू बुडत जातं. त्या रात्री गच्चीवर मी ते संपू दिलं आणि लगेच पुढचा अल्बम लावला. 'शीअर हार्ट अटॅक' चं पहिलं गाणं 'ब्रायटन रॉक'. सुरुवातीला जत्रेचा गोंगाट, आणि त्यात कुणीतरी शीळ घालतंय. तीच चाल, समुद्रकिनाऱ्याची.