पुंगळ्यांचा हिशेब

चारचौघांत सांगण्याजोग्या आवडी मराठी घरात ठरलेल्या असतात. इंदूरच्या मराठी घरात तर जरा जास्तच. गायक कुमार गंधर्वांचं देवास इथून तासाभरावर, गवई अमीर खाँसाहेबांचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घ्यायचं, आणि 'सानंद' या संस्थेच्या नाटकाची तारीख आली की बाकीची कामं आपोआप मागे सरकणार. अशा गावात राहून मला मनापासून काय आवडतं? मारधाडीचे सिनेमे. बनियनमधला एक दणकट माणूस, त्याच्या खांद्यावर काडतुसांची माळ आणि समोर शत्रूची छावणी. छावणीत एक टेहळणीचा मनोरा असतो. तो पडणार हे दिसताक्षणी कळतं. मग तो पडतो, आणि मला बरं वाटतं.

घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण विषय निघत नाही. पाहुण्यांसमोर नवरा "ही वाचते खूप" एवढंच सांगतो.

लाज वाटायला कारणही आहे. १९८२ चा 'फर्स्ट ब्लड' म्हणजे व्हिएतनामहून परतलेल्या आणि घरी कुठेच न रुळलेल्या सैनिकाची गोष्ट. आख्ख्या सिनेमात माणूस मरतो तो एकच, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. शेवटी नायक ढसाढसा रडतो. चांगला सिनेमा आहे, कळतं मला. तीन वर्षांनी त्याचा दुसरा भाग आला. तोच माणूस पुन्हा व्हिएतनामात जातो, बाणांच्या टोकांना स्फोटकं लावतो आणि इतकी माणसं मारतो की बघणारा मोजणं सोडून देतो. पहिल्याबद्दल मी आदराने बोलते. दुसरा टीव्हीवर लागला की मात्र कणीक अर्धवट मळलेली राहते.

असं का होतं, ते माझ्या नोकरीत शोधावं लागेल. पीथमपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअरचा हिशेब बघते. इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, आल्याशिवाय माल हलत नाही, इश्यू स्लिपवर सही झाल्याशिवाय बेअरिंग खिडकीबाहेर जात नाही, आणि बिन कार्डावर, म्हणजे मालाच्या नोंदीच्या कार्डावर, बारा लिहिलेत अन् रॅकमध्ये अकरा निघाले तर मार्चअखेरीला त्या बाराव्याने माझी झोप उडते. वर्षानुवर्षं हे करणाऱ्या बाईने संध्याकाळी पडद्यावर काय बघावं? एके-४७ मिनिटाला सहाशे गोळ्यांच्या वेगाने चालते, मॅगझिनमध्ये गोळ्या तीस. म्हणजे घोडा दाबून धरला तर तीन सेकंदांत खेळ खलास. आपला नायक मात्र चहा उकळून उतू जाईपर्यंत झाडत राहतो. कुणी इश्यू केल्या? कुणाच्या सहीने? शिल्लक किती? काही नाही! ज्या जगात स्टोअरकीपरच नाही, त्या जगात मी दोन तास सुट्टीवर असते.

हे सुख मला एकटीलाच कळतं असं वाटायचं, पण मग आमच्या गल्लीत सुभेदारकाका राहायला आले. मूळचे साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतले. शेवटची काही वर्षं महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये काढली आणि इंदूरचं पाणी आवडलं म्हणून इथेच घर केलं. महू इथून वीस-बावीस किलोमीटर. डिसेंबर १८१७ मध्ये होळकर महिदपूरला हरले, मंदसौरचा तह झाला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथे छावणी टाकली, ती आजही छावणीच आहे. त्यामुळे फौजी आम्हाला नवे नाहीत. रविवारी छप्पन दुकानवर बारीक केस कापलेली चार पोरं शिस्तीत रांगेत उभी राहून कचोरी खाताना दिसतात. तीच खरी फौज. बनियनवाल्याशी तिचं काही नातं दिसत नाही.

शनिवारी रात्री काका-काकू येतात. मधे सेव-परमलची, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांची, परात. काकांना हिंदीत डब केलेलाच सिनेमा लागतो. नायकाने गोळ्यांचा पाऊस पाडला की काका पुढे सरकून बसतात आणि दर वेळी तेच विचारतात, "आन् ह्या पुंगळ्या कोन येचणार गं?"

फायरिंग रेंजवर सराव संपला की जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात. एक जरी कमी भरली तरी सुटका नाही. आख्खी प्लाटून ओळीने गवतात वाकते आणि हाताने गवत सारत हळूहळू पुढे जाते. पितळेचा तो बोटाएवढा तुकडा कधी कुणाच्या बुटाखाली दबलेला असतो, कधी चिखलात रुतलेला. ऊन उतरतं, गाडी थांबून राहते, शिकवणाऱ्या उस्तादाचा आवाज चढत जातो. हे सांगताना काका सोफ्यावरून उठून आमच्या सतरंजीवर वाकून दाखवतात, डोळे जमिनीशी लावून. काकू म्हणतात, "अहो, कंबर!" मला त्या वाकलेल्या पाठीत माझं बारावं बेअरिंग दिसतं.

बाकीच्या थापा काका हसत हसत सोडून देतात. हातबॉम्ब फुटला की नारिंगी ज्वाळा आभाळाला भिडते. खरा हातबॉम्ब धूळ उडवतो आणि मारतो ते उडालेल्या तुकड्यांनी. सायलेन्सर लावलेलं पिस्तूल 'फुस्' करतं. खरं चांगलं दणकून वाजतं. 'प्रिडेटर'मध्ये एकजण मिनीगन हातात धरून चालवतो. ती मुळात हेलिकॉप्टरवर बसवायची बंदूक, तिला फिरायला वीज लागते. शूटिंगमध्ये केबल लपवून आणावी लागली होती. म्हणजे जंगलात जाताना स्टोअरबरोबर इलेक्ट्रिकल खात्याचंही ना हरकत हवं! आणि मरणाऱ्याची किंकाळी नीट ऐका. १९५१ च्या एका सिनेमासाठी, मगरीने धरलेल्या माणसाची म्हणून रेकॉर्ड केलेली एक किंकाळी 'स्टार वॉर्स'पासून शेकडो सिनेमांत वाजली आहे. एकदा घेतलेला माल सत्तर वर्षं इश्यू होतोय आणि शिल्लक जशीच्या तशी. याला म्हणतात खरेदी.

अलीकडचे सिनेमे मला तितके चालत नाहीत. मधेच झेंडा येतो, भाषण येतं, नायकाचा आवाज घोगरा होतो आणि बघणाऱ्याला ताठ बसावं लागतं. बिनडोक व्हायचंय ना, मग पूर्ण व्हा. अर्धं डोकं ठेवून दुसऱ्याला शिकवायला निघालेला सिनेमा बघवत नाही. काका तर टीव्हीवर खऱ्या चकमकीची बातमी लागली की रिमोट मागून घेतात आणि आवाज बंद करतात. सिनेमाचा आवाज वाढवायला लावणारेही तेच.

परवा 'कमांडो' लावला होता, १९८५ चा. एक माणूस, एक बेट आणि एका पदच्युत हुकूमशहाची भाडोत्री फौज. त्या हुकूमशहाच्या देशाचं नाव वाल व्हर्डे. "हा कुठं आला गं?" काकांनी विचारलं. नव्या देशाचं नाव ऐकलं की त्यांना आधी नकाशा लागतो. मी मोबाइलवर शोधलं. असा देश नाहीच, लेखकाने बनवलेला. पुढे 'डाय हार्ड'च्या दुसऱ्या भागात आणखी एक जनरल त्याच देशातून आणलाय.

काकांनी मूठभर परमल तोंडात टाकले आणि पाय वर घेऊन बसले. "बरं झालं," म्हणाले. "म्हंजे तिथं कुनाची बदली व्हायची न्हाई."