तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं ऊन, मग वीज कुठं जाते?

मी जळगावात भौतिकशास्त्र शिकवतो. छतावर सोलार बसवलेली माणसं एप्रिल-मेमध्ये हमखास विचारतात, "सर, आपल्याकडं उन्हाला तोटा नाही, मग पॅनलच्या पाटीवर लिहिलेली वीज भर दुपारी का मिळत नाही? आम्हाला फसवलं का?"

आकडा खोटा नसतो. तो प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीचं, तापमान २५ अंश. जगभर हीच अट, म्हणून दोन पॅनलांची तुलना करता येते. पण मे महिन्यात भुसावळला हवाच ४५ अंशांवर जाते आणि पत्र्यालगत ठोकलेलं पॅनल त्याहून वीस-पंचवीस अंशांनी जास्त तापतं. सिलिकॉनला प्रकाश हवा, उष्णता नको. सेल तापला की व्होल्टेज उतरतं आणि २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती जाते. ६५ अंशांवर हिशोब करा, बारा ते सोळा टक्के गेले. धूळ त्यात धरलेली नाही.

म्हणून पॅनल पत्र्यापासून उचलून बसवा, खालून वारा खेळू द्या. घेताना वॉटबरोबर टेंपरेचर कोएफिशंटही विचारा, म्हणजे दर अंशाला किती टक्के शक्ती जाते तो आकडा. तो शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. दुकानदार आपणहून क्वचितच सांगतो.

मला खटकतं ते पुढचं. कार्यक्षमतेचे जागतिक विक्रमही २५ अंशांवरच नोंदवले जातात. खानदेशाच्या उन्हात चालायचं ते यंत्र ६५ अंशांवर पहिलं आलं पाहिजे, आणि हे मोजमाप आपल्याच कॉलेजांनी करावं असं मला मनापासून वाटतं. त्याला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

औषधांतही असंच घडतं: मोजमाप एका परिस्थितीतलं, वापर दुसऱ्याच. नंदुरबारकडं सातपुड्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आहे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशींत चिकटलेल्या साखरेवरून तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी गृहीत धरते, की तांबडी पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी बऱ्याचदा दहा-वीस दिवसांतच फुटते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. अशा रुग्णाची साखर थेट रक्तातच मोजावी लागते.

याच आजारावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये प्रौढ रुग्णांसाठी मंजूर झालं. ते पांढऱ्या पेशी कमी करतं. त्यामुळं जिथं मलेरिया आहे तिथं मुलांना ते दिलं तर संसर्ग वाढतील, अशी भीती होती. तर्क चुकीचा नव्हता, पण मलेरियाच्या प्रदेशात तो पुरेसा तपासलेलाच नव्हता. अखेर अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार आफ्रिकी देशांत सहाशेवर मुलांना औषध देऊन पाहिलं गेलं. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले: वेदनेचे झटके कमी झाले, रक्त चढवण्याची गरज कमी झाली, मृत्यू कमी झाले. मलेरिया वाढला तर नाहीच, उलट जवळपास निम्म्यावर आला.