आमची वाटचाल: दोन तारांचा धंदा

इंदूरच्या रामबागेतलं आमचं दुकान 1999 सालचं. तेव्हा काम म्हणजे इपीएबीएक्स (ऑफिसचं आतलं टेलिफोन एक्स्चेंज), इंटरकॉम, पीसीओची वायरिंग आणि फोनवरून इंटरनेट देणारे 56 के मोडेम लावून देणं. सोबतीला काका होते. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले लाइनमन, धंद्यात निम्मे पार्टनर, आणि मला या लाइनीतलं जे काही येतं ते त्यांच्यामुळेच येतं. त्यांचं क्रोन टूल, तार खाचेत दाबून बसवायचं हत्यार, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पिवळा पडलेला दांडा, पण ब्लेड असं की तार बसली की "खट्" आवाज येतो आणि शेपटी साफ कापली जाते. हल्ली पोरं स्क्रू ड्रायव्हरने तार दाबतात, मला बघवत नाही.

2004 साली सरकारची ब्रॉडबँड पॉलिसी आली, त्यात 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड असं ठरलं, आणि पुढच्या वर्षी इंदूरात सगळ्यांना एडीएसएल, म्हणजे फोनच्याच तारेवर चालणारं ब्रॉडबँड, हवं झालं. मोडेम लावायला कोणालाही येत होतं, पण लाइन टिकवायला येत नव्हतं. आवाज चालतो 4 किलोहर्ट्झच्या आत आणि एडीएसएल जातं 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत, त्यामुळे फोनवर छान बोलता येतं म्हणजे लाइन चांगली असं नसतं हो. हाताने पिळून वर टेप मारलेला जोड फोनला चालतो, पण पहिल्या पावसात ब्रॉडबँड मारतो. आम्ही जिथे गेलो तिथे असे जोड कापून जेली कनेक्टर (आत जेली भरलेले, पाणी शिरू न देणारे) लावले, जुन्या पॅरलल लाइनी काढल्या, स्प्लिटर, म्हणजे फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी, पहिल्याच पॉइंटला घेतला. ग्राहक म्हणायचे काय केलंत, आधी दिवसातून दहादा कटायचं.

त्यात छावणीतले एक धान्याचे दलाल, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. सोयाबीनचे वायदे स्क्रीनवर बघायचे आणि लाइन गेली की भाव गेला. एक्स्चेंजपासून त्यांची तार साडेतीन किलोमीटर, अटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नलची झीज, 48 डीबी. प्लॅन 2 एमबीचा होता आणि त्यांना तो पूर्ण हवा होता. काकांनी समोर बसवून सांगितलं, भाऊसाहेब, तुम्हाला सिनेमा नाही बघायचा, आकडे बघायचेत. ओळखीने एक्स्चेंजमधून प्रोफाइल, म्हणजे लाइनीला ठरवून दिलेला वेग, 1 एमबीवर उतरवून घेतलं, एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटापुढे सिग्नलकडे किती राखून आहे ते, 5 वरून 12 वर गेलं आणि त्यानंतर सीझनभर ती लाइन एकदाही पडली नाही. तेव्हापासून भाऊसाहेब आमचे झाले ते कायमचे. तुमची लाइन अजून तांब्याची असेल तर तुम्हालाही सांगतो, स्पीड टेस्ट नंतर करा, आधी मोडेमचं पान उघडून हे मार्जिन बघा, 6 च्या खाली असेल तर प्लॅन वाढवून काही होत नाही.

मधली वर्षं बरी गेली. एडीएसएल2 प्लस आलं, 2.2 मेगाहर्ट्झ, जवळच्या लाइनीवर 24 एमबीपर्यंत. तार तीच होती, दोन्ही टोकांची मशीनं हुशार झाली, हे लोकांना कधी पटलंच नाही.

मग 2011. सरवटे बस स्टँडजवळच्या एका हॉटेलचं काम घेतलं, आमच्यासाठी तेव्हा फार मोठं. 48 खोल्या, प्रत्येक खोलीत फोनची तार आधीपासून होतीच, भिंती न फोडता त्याच तारेवर इंटरनेट द्यायचं. खाली 24 पोर्टचे दोन डीएसलॅम, म्हणजे सगळ्या लाइनींवर इंटरनेट सोडणारे डबे, आणि खोलीत व्हीडीएसएल2 मोडेम, एडीएसएलच्या पुढची, जास्त वेगाची जात. हे 17 मेगाहर्ट्झपर्यंत जातं, शंभर मीटरची तार म्हणजे काहीच नाही. एकेक खोली टेस्ट केली तर 80 च्या वर एमबी. मालक खूष. लग्नाच्या सीझनमध्ये हॉटेल भरलं आणि सगळे मोडेम एकदम चालू झाले तर दुसऱ्या मजल्यावर निम्म्या खोल्या 10 एमबीवर, काही तर सिंकच होईनात, म्हणजे मोडेम लाइनच पकडेना. रिसेप्शनवर भांडणं झाली.

तेवढ्यात आमच्याच बाजारातला एक जण, नाव घेत नाही, मालकाला जाऊन सांगून आला की तांबं सडलंय, या लोकांनी तुम्हाला भंगार चिकटवलं, मी सगळं नवीन टाकून देतो. मालकाने आमचे 2 लाख 10 हजार अडकवले. मला म्हणाला, "भाईसाब, तार बदलो या डब्बे उठाओ." डीएसलॅम उधारीवर आणले होते. ओम्नी विकली, कामावरची दोन पोरं सोडून गेली, आणि बाजारात बातमी की रामबागवाले बुडाले. इतकी वर्षं झाली, हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

मल्टीमीटरने सगळ्या जोड्या (दोन तारांची जोडी म्हणजे एक लाइन) ओके दाखवत होत्या. लूप बरोबर, म्हणजे तार कुठे तुटलेली नाही, इन्सुलेशन बरोबर. मी तर हरलो होतो. काका रात्री अकराला आले, जुना टेस्ट फोन घेऊन. मला 203 मध्ये बसवलं आणि म्हणाले, नुसता बोलत राहा, पाढे म्हण. स्वतः खाली 204 च्या जोडीवर कान लावून बसले. दहा मिनिटांनी वर आले, म्हणाले, तुझा सतराचा पाढा ऐकला. बस्स, तिथे सापडलं. त्या मजल्याच्या 20 जोड्यांच्या केबलला कोणा इलेक्ट्रिशियनने कधीतरी मध्येच जोड दिला होता. शेजारच्या जोडीचा आवाज शिरू नये म्हणून जोडीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. पहिल्या पाच जोड्यांत पाचही पांढऱ्या तारा सारख्याच दिसतात, पीळ सोडला की कुठली पांढरी कुठल्या रंगीत तारेची ते कळत नाही, त्याने या जोडीची पांढरी त्या जोडीच्या रंगीत तारेबरोबर नेली आणि पुढच्या डब्यात परत सुलटी केली. म्हणून मीटरला सगळं बरोबर, पण मधले वीस मीटर जोडी जोडीने पिळलेलीच नाही. फोनला कोणाला फरक पडला नाही, 17 मेगाहर्ट्झला पडला. पहाटे चारपर्यंत आम्ही दोघांनी टोनर (तारेत आवाज सोडून ती शोधायचं यंत्र) लावून एकेक तार ओळखली आणि जोड नव्याने बांधला. म्हणून सांगतो, केबल सोलली की पीळ आधी बांधून ठेवा, मगच पुढचं काम.

सकाळी सगळ्या खोल्या चालू करून दाखवल्या. कुठेही 45 च्या खाली नाही. 80 चे 45 का, तर जोड्या शेजारी शेजारी असल्या की एकमेकींत आवाज शिरतोच, पीळ कितीही चांगला असो. मालकाने अर्धे पैसे दिले, उरलेले कधीच दिले नाहीत. त्या वेळी भाऊसाहेबांनी तीन वर्षांची एएमसी, म्हणजे देखभालीच्या कराराचे पैसे, एकरकमी दिली, पावतीसुद्धा मागितली नाही, म्हणाले, माझी लाइन तुम्ही सांभाळता ना, मग तुम्ही टिकायला पाहिजे.

2014 मध्ये त्याच हॉटेलने स्वतःहून बोलावलं. या वेळी व्हेक्टरिंग. दुसऱ्या जोडीतून काय आवाज येणार हे मशीन आधीच मोजतं आणि त्याच्या उलट सिग्नल मिसळून पाठवतं, आवाज जागेवर मरतो. फक्त सगळ्या जोड्या एकाच गणितात पाहिजेत, म्हणून दोन वेगळे डबे काढून 48 पोर्टचा एकच घेतला आणि मोडेमही व्हेक्टरिंगवाले. भरलेल्या हॉटेलात प्रत्येक खोलीला 80 च्या वर. त्याच सडलेल्या म्हटलेल्या तांब्यावर! त्याच वर्षी तांब्यावरच्या पुढच्या जातीचं, जी डॉट फास्टचं, स्टँडर्डही आलं, 106 मेगाहर्ट्झ, आखूड तारेवर 1 जीबीच्या आसपास. काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, पीळ सांभाळा म्हणजे झालं.

काका 2017 मध्ये गेले. आता आम्ही फायबरही ओढतो, स्प्लाइसिंग मशीन घेतलंय, मुलगा ते बघतो. गेल्या वर्षी त्या हॉटेलात खोलीखोलीत फायबर नेलं तेही आम्हीच. मालकाचा मुलगा म्हणाला जुनी केबल काढून भंगारात देऊ, मी म्हटलं राहू द्या, इंटरकॉम त्यावर चालतो. दुसऱ्या मजल्याच्या डब्यात काकांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, कुठली जोडी कुठल्या खोलीची. मी तिच्यावर पारदर्शक टेप मारून आलो.