ताणलेली तार

आमच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे प्रयोगासाठी वारा सोडायच्या बोगद्यात, हवा आवाजाच्या दुप्पट वेगाने धावते. ती मोजायला माझ्याकडे असते ती पाच मायक्रॉन जाडीची, जेमतेम सव्वा मिलिमीटर लांबीची टंगस्टनची तार. नुसत्या डोळ्यांना ती फक्त विशिष्ट कोनातून उजेड पडला तरच दिसते. दोन सुयांच्या टोकांवर ती मायक्रोस्कोपखाली स्पॉट वेल्ड करायची. त्या वेळी श्वासही जरा जपूनच सोडायचा.

तत्त्व साधं आहे. विजेने तार तापवायची आणि एका ब्रिज सर्किटने तिचा रोध, म्हणजेच तापमान, कायम ठेवायचं. वारा वाढला की तार गार व्हायला बघते आणि सर्किट लगेच जास्त वीज ढकलतं. ती वीज किती वरखाली होते, यावरून हवेतली खळबळ कळते. मंद वाऱ्यात हे छान चालतं. मॅक दोनला, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाला, मात्र तार केवळ वेग सांगत नाही, तर घनता आणि वेग यांचा गुणाकार व तापमान यांचं मिश्रण सांगते. ते सुटं करायचं तर तार वेगवेगळ्या तापमानांना ठेवून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो.

आमच्याकडे एक प्रयोग म्हणजे वीस सेकंद. टाक्यांत हवा भरायला तासाहून जास्त वेळ लागतो, मग झडप उघडते आणि वीस सेकंदांत सगळं संपतं. हवा आधी कोरडी करावी लागते, कारण नॉझलमधून, म्हणजे टनेलच्या तोंडाशी असलेल्या खास आकाराच्या नळीतून, पसरताना ती उणे शंभर अंशांच्या खाली जाते आणि थोडा जरी ओलावा असला तरी धुकं धरतं.

त्या दिवशी पहिल्या फेरीत तार तुटली. पाचशे मीटर प्रतिसेकंद वेगाने आलेला धुळीचा एक कण पुरतो. दुसरी तार टिकली, आणि स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती खळबळ हे दाखवणाऱ्या आलेखात, साठ किलोहर्ट्झच्या आसपास सुळक्यासारखं एक टोक उभं राहिलं. एकच, टोकदार. मी खुर्चीतून उठलेच. दुसऱ्या गटाला त्यांच्या मॉडेलसाठी टनेलमधल्या खळबळीचा आकडा हवा होता. मी उत्साहाच्या भरात त्यांना कळवून टाकलं, की प्रवाहात एक ठळक अस्थिर लहर दिसते आहे. ही घाई माझीच. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी टनेल सांभाळणारे काका कागदाकडे बघत म्हणाले, "ताई, एवढं सुबक टोक वाऱ्यात कधी बघितलंयत? वारा कधी एका सुरात गातो का?"

मी चिडले. मग गप्प बसले. खळबळ म्हणजे लहानमोठे सगळे भोवरे एकत्र, तिचा स्पेक्ट्रम पसरट असतो. एकच सूर म्हटलं की पहिला संशय तारेवरच घ्यायला हवा होता. सुपरसॉनिक, म्हणजे आवाजाहून वेगवान, प्रवाहात हॉट-वायरची, म्हणजे अशा तापवलेल्या तारेची, ही जुनी खोड मी वाचलेली होती, पण वाचलेलं आणि आठवलेलं यात फरक असतो. घट्ट ताणलेली तार प्रवाहात थरथरते, थरथरताना ताण बदलतो, ताणाबरोबर रोध बदलतो आणि सर्किट त्याला वारा समजतं.

तिसरी फेरी घेतली. टनेल तोच, दाब तोच, फक्त प्रोब, म्हणजे सुया आणि तारेची जोडणी, दुसरा. टोक पन्नासच्या जवळ सरकलं. प्रवाहातली लहर असती तर ती तार बदलली म्हणून कशाला हलली असती? तंबोऱ्याची तार पिळल्यावर स्वर चढतो, तसाच हा प्रकार. दोन तारा, दोन ताण, दोन सूर.

मग पुन्हा मायक्रोस्कोप. या वेळी तार जोडल्यावर सुया एकमेकींकडे हलक्याच दाबल्या. तारेला किंचित कमान आली, इतकी किंचित की ती नजरेला पटावी म्हणून मला तीनदा फोकस बदलावा लागला. ही कामं शिकवून येत नाहीत. बोटांनाच हळूहळू कळतात.

रात्री नऊच्या फेरीत टोक नाहीसं झालं. उरला तो पसरट, ओबडधोबड स्पेक्ट्रम. तोही सगळा मुख्य प्रवाहाचाच नव्हता. भिंतींवरचे खळबळीचे थर आवाज करतात आणि तो आवाज टनेलच्या मध्यभागी पोचतो. मॅक अडीचच्या वर तोच वरचढ ठरतो, हे संशोधक जॉन लॉफर यांनी 1961 मध्ये दाखवून दिलं. मॅक दोनलाही त्याचा वाटा विसरता येत नाही. मोठा आकडा टनेलच्या माथी मारायच्या आधी त्यातला आवाज किती, भोवरे किती, तापमानाचे फरक किती हे वेगळं काढायला हवं, आणि त्यासाठी तारेच्या वेगवेगळ्या तापमानांच्या बऱ्याच फेऱ्या.

दुसऱ्या गटाला रात्रीच लिहिलं, की सकाळचं पत्र रद्द समजा, लहर तारेची होती. त्यांचं उत्तर एका ओळीत आलं: मग आकडा कधी? कमानीच्या तारेने पाच फेऱ्या काढल्या. सहावीत धुळीने तिलाही नेलं, आणि मी पुन्हा मायक्रोस्कोपपाशी जाऊन बसले.